नमस्कार घालणारा राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी

संस्थानिक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. हत्तीवरची अंबारी, मारलेल्या वाघाच्या पाठीवर ठेवलेला पाय, परदेशी बनावटीच्या मोटारी, पोलोची घोडी आणि रेसकोर्स! इंग्रजी अमलात या देशात पाचशेंहून अधिक संस्थाने होती. त्यांतल्या बहुतेक राजांची नावेही आज कुणाला आठवत नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या एका लहानशा संस्थानाचा राजा मात्र आजही शाळांच्या पटांगणात आणि घरांच्या ओसरीवर हजर असतो. रथसप्तमीला शेकडो मुले रांगेत उभी राहून सूर्यनमस्कार घालतात, तेव्हा त्यांच्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते की या व्यायामाला आजचे सार्वजनिक रूप देण्यासाठी एका राजाने आपले जवळजवळ निम्मे आयुष्य वेचले. तो राजा म्हणजे औंधचे श्रीमंत भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

त्यांच्यावर लिहावे असे मला का वाटले, हे आधी सांगितले पाहिजे. आम्ही लालबागला चाळीत राहतो. दहा बाय बाराची खोली आणि माणसे पाच. माझे आजोबा गिरणीत साच्यावर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी पुन्हा धडपणे सुरू झालीच नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला मधुमेह निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रोज व्यायाम करा म्हणून बजावले. आता व्यायाम म्हणजे नेमके काय करायचे? जिथे गिरण्या होत्या तिथे काचेच्या भिंतींची व्यायामगृहे झाली आहेत, पण त्यांची महिन्याची फी आमच्या घरच्या किराणा-बिलाशी स्पर्धा करते. आसपासच्या तालमी मुलग्यांच्या. बागेत फेऱ्या मारायच्या तर सकाळी पाण्याची वेळ, मग डबे, मग कामावर जायची घाई. फुकट, घरात, थोड्या वेळात आणि बाईमाणसाला करता येईल असा व्यायाम मी शोधू लागले आणि शोधता शोधता एका राजाच्या दारात जाऊन पोचले. विनोदच म्हणायचा!

पंतप्रतिनिधींचे घराणे जुने. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात प्रतिनिधी हे पद निर्माण झाले. पुढे किन्हईच्या परशुराम त्रिंबकांच्या घराण्यात ते चालत आले. औंध हे या घराण्याचे राहण्याचे गाव आणि डोंगरावरची यमाई ही कुलदेवता. इंग्रजी राज्यात या घराण्याकडे जे संस्थान उरले, ते सुमारे पाचशे चौरस मैलांचे. बहात्तर गावे आणि पाऊण लाखाच्या आसपास वस्ती. तीही एकसंध नव्हती. आज जो सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा मुलूख आहे, त्यात इकडेतिकडे विखुरलेले तुकडे. आटपाडीचा भाग तर कायमचा दुष्काळी. आजच्या हिशेबात मुंबईच्या एखाद्या वॉर्डातली माणसे औंध संस्थानाच्या प्रजेपेक्षा कितीतरी अधिक भरतील.

अशा या घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी बाळासाहेबांचा जन्म झाला. शिक्षण साताऱ्यास आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. बी. ए.ची पदवी घेणारा राजपुत्र ही त्या काळी सहज आढळणारी गोष्ट नव्हती. शिक्षणानंतर त्यांनी काही वर्षे वडिलांच्या हाताखाली संस्थानच्या कारभाराचा अनुभव घेतला आणि १९०९ साली ते गादीवर आले. तेव्हा त्यांचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते. म्हणजे हाती सत्ता आली तेव्हा ते पोक्त, शिकलेले आणि स्वतःच्या आवडीनिवडी ठरून गेलेले गृहस्थ होते. त्या आवडींपैकी पहिली आवड शरीराची.

लहानपणी घरच्या तालमीतला व्यायाम आणि कुस्ती त्यांनी केली होतीच. पण विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर साऱ्या जगाला एका नावाने वेड लावले होते. ते नाव म्हणजे युजेन सँडो. जर्मनीत जन्मलेला हा पहिलवान रंगमंचावर आपले स्नायू दाखवी, जड वजने उचली, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचे म्हणजे व्यायामाची साधने व पुस्तके विकी. डंबेल्स, स्प्रिंगा, रबरी दोऱ्या आणि सोबत भिंतीवर लावायचा तक्ता! १९०४-०५ च्या दौऱ्यात तो हिंदुस्थानातही येऊन गेला. आपल्याकडे आजही बाह्या नसलेल्या गंजीला सँडो म्हणतात, यावरून त्याची कीर्ती किती खोल गेली होती ते ध्यानात यावे. बाळासाहेबांनी १८९७ च्या सुमारास सँडोची सारी साधने आणि पुस्तके मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्याची पद्धत नेमाने चालवली. राजाला पैशांची अडचण नव्हती. परंतु ज्याला ती आहे त्याने काय करायचे, हा प्रश्न सँडोच्या पद्धतीत सुटत नव्हता.

पुढची कलाटणी दिली ती मिरजेच्या बाळासाहेब पटवर्धनांनी. मिरजेचे हे अधिपती स्वतः सूर्यनमस्कार घालणारे. त्यांच्या सांगण्यावरून १९०८ च्या सुमारास औंधकरांनी नमस्कार सुरू केले आणि सँडोची सामग्री हळूहळू बाजूला पडली. चाळिशीला आलेल्या माणसाने दहा वर्षांची सवय टाकून नवी धरावी, हे सोपे नसते. पण एकदा धरलेली ही सवय त्यांनी आयुष्याच्या अखेरीपर्यंत सोडली नाही.

सूर्यनमस्कार ही त्यांची निर्मिती नव्हे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. सूर्याला साष्टांग नमस्कार घालण्याची चाल उपासनेत फार जुनी. समर्थ रामदास रोज मोठ्या संख्येने नमस्कार घालीत अशी परंपरा सांगते. नवस फेडण्यासाठी लोक नमस्कार घालीत, क्वचित ब्राह्मणाकडून दक्षिणा देऊन घालवूनही घेत! दुसरीकडे तालमीत जोर-बैठका होत्याच, आणि जोर व नमस्कार यांचे नाते कुणाच्याही सहज लक्षात येईल. बाळासाहेबांनी केले ते असे की हा नमस्कार देवघरातून आणि तालमीतून बाहेर काढला, त्याच्या हालचाली ठरवून दिल्या, त्यांना आकडे दिले आणि रोज सकाळी कुणीही करावा असा तो नेमाचा व्यायाम बनवला. संकल्प सोडायचा नाही, उस्ताद लागत नाही, आखाड्याची माती लागत नाही. लागते ती फक्त नियमितपणाची तयारी.

औंधच्या पद्धतीत एका नमस्काराचे दहा अंक आहेत. हात जोडून ताठ उभे राहायचे. गुडघे न वाकवता खाली वाकून तळवे जमिनीला टेकायचे. मग एक पाय मागे, त्यापाठोपाठ दुसरा. नंतर साष्टांग नमस्कार. पुढे हातांवर छाती उचलून मान वर. मग कंबर वर नेऊन शरीराचा डोंगर करायचा आणि आल्या वाटेने परत उभे राहायचे. एकदा टेकलेले तळवे शेवटपर्यंत जागेवरून हलवायचे नाहीत. वरवर पाहता हे सोपे वाटते. पण नीट पाहिले तर मान, खांदे, दंड, पाठ, पोट, मांड्या, पोटऱ्या यांपैकी कुणालाच सुट्टी मिळत नाही. पाठीचा कणा एकदा पुढे आणि एकदा मागे वाकतो. श्वास हालचालीला बांधलेला असतो. वजन उचलायचे ते आपल्याच शरीराचे, म्हणून बाजारातून काही आणावे लागत नाही. मी आमच्या खोलीत मोजून पाहिले. एक सतरंजी पसरेल एवढी जागा मिळाली की काम भागते, आणि चाळीत ती जागा अंथरुणे गुंडाळली की मिळते.

बाळासाहेब स्वतः नमस्कार घालून थांबले असते तर त्यांचे नाव घराण्याच्या बखरीत राहिले असते. पण राजाच्या हाती शाळा होत्या. त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. मुलांनी घालायचे, मुलींनी घालायचे आणि मास्तरांनीही घालायचे! राजवाड्यातही हाच नियम होता. राणीसाहेब आणि मुले नमस्कार घालीत. बाळंतपणे आणि चूल यांत स्त्रियांचे शरीर झिजून जाते, तेव्हा या व्यायामाची गरज त्यांना अधिक आहे, असा त्यांचा आग्रह होता. ज्या काळात सभ्य घरातल्या बाईने व्यायाम करावा ही कल्पनाच अनेकांना चमत्कारिक वाटे, त्या काळात एका राजाने आपल्याच घरातल्या स्त्रियांपासून सुरुवात करावी, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या मजल्यावर आजही तरुण मुलीने गॅलरीत हातपाय हलवले की चार खिडक्या उघडतात. शंभर वर्षांपूर्वीच्या औंधची कल्पनाच केलेली बरी.

सूर्यनमस्कारांवर त्यांनी मराठीत लिहिले आणि १९२८ साली इंग्रजीतही पुस्तक काढले. आहाराविषयीही ते लिहीत. हातसडीचे तांदूळ, कच्च्या भाज्या, साधे जेवण आणि चहासारख्या पेयांपासून दूर राहणे, हे त्यांच्या सांगण्याचे सार. १९३६ साली ते इंग्लंडला गेले असता लुईस मॉर्गन नावाच्या एका पत्रकार बाईंना त्यांच्या प्रकृतीचे कुतूहल वाटले. अडुसष्टीला टेकलेला हा गृहस्थ इतका ताठ आणि ताजातवाना कसा? त्यांच्याच संपादनाखाली १९३८ साली लंडनमध्ये ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एकेकाळी विलायतेतून सँडोची साधने मागवणारा हा राजा, चाळीस वर्षांनी विलायतेतल्या गृहिणींना विनासाधन व्यायाम शिकवू लागला होता!

बाळासाहेबांचे वेड एका व्यायामापुरते नव्हते. ते स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. ते कीर्तनाला उभे राहत. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, त्यामागेही त्यांचे मोठे आर्थिक पाठबळ होते. १९१९ साली सुरू झालेले ते काम १९६६ साली पुरे झाले. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. औंधच्या टेकडीवर त्यांनी १९३८ साली श्री भवानी संग्रहालय उभारले, ते आजही पाहता येते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकलेले आणि पुढे वेदांचे पंडित झालेले श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ साली औंधला येऊन राहिले. त्यांनीही सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. बेळगावात जागा गमावलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान आणि कर्ज देणारेही हेच राजे. १९१० साली निवडुंग आणि साप यांच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. उद्योग, चित्र, वेद आणि व्यायाम ही एरवी चार वाटांना जाणारी मंडळी या छोट्या गावात एकमेकांच्या शेजारी नांदत होती.

पण माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा नमस्कार त्यांनी सत्तरी गाठल्यावर घातला. १९३८ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली आणि १९३९ च्या जानेवारीत औंधला नवी राज्यघटना मिळाली. तिच्यामागे महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते. राजपुत्र अप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले इंजिनिअर यांचे कष्ट होते. गावोगावच्या पंचायतींना अधिकार देणारी ती घटना होती. राजाने राजीखुशीने राजेपण उतरवून ठेवावे, असे प्रसंग इतिहासाच्या आपल्या क्रमिक पुस्तकांत किती आढळतात? रोज पहाटे जमिनीला कपाळ टेकवणाऱ्या माणसाला हे इतरांपेक्षा थोडे सोपे गेले असेल, असे मला आपले वाटते. इतिहासाच्या सरांना हे अनुमान पटणार नाही, पण ते इथे नोंदवून ठेवते.

याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांच्या कैद्यांना भिंतींशिवाय ठेवायचे, त्यांना शेती करू द्यायची आणि माणूस म्हणून पुन्हा उभे राहू द्यायचे, असा तो १९३९ चा प्रयोग. आपल्या परळशी या प्रयोगाचे नाते आहे. औंध संस्थानात वाढलेल्या आणि औंधलाच शिकलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि परळच्या राजकमल कलामंदिराच्या व्ही. शांताराम यांनी तिच्यावरून १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. आपल्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल, पण त्याची मुळे औंधच्या मातीत आहेत हे सहसा सांगितले जात नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षाच्या आरंभी, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीनंतर, सातवळेकर पंडित औंध सोडून पारडीला गेले. भोवतालचे जग बदलत होते. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, बाळासाहेबांनी देह ठेवला. अप्पासाहेब स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि त्यांनीही वडिलांचा सूर्यनमस्कार देशोदेशी नेला.

थोरांची चरित्रे सांगताना आपण नेहमी इथेच हात जोडून थांबतो. पण मी ज्या कारणाने हे चरित्र वाचायला घेतले, ते कारण मला थांबू देत नाही. राजाचा हा व्यायाम खरोखर आमच्यासारख्यांच्या कामाचा आहे का?

पहिली शंका त्यांच्या दाव्यांविषयी. सूर्यनमस्काराने बहुतेक सारे रोग दूर राहतात, मंत्रांतल्या बीजाक्षरांच्या उच्चाराने शरीरातल्या निरनिराळ्या अवयवांना चालना मिळते, असे ते मानीत. आजचे वैद्यक इतके मानायला तयार होणार नाही. व्यायामाने मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते, वजन आणि झोप सुधारते हे खरे. परंतु तो औषधाची जागा घेत नाही. ज्यांचे गुडघे किंवा पाठ दुखते, ज्यांचा रक्तदाब फार वाढलेला असतो, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाली डोके करणारे काही करू नये. माझ्या आईच्या गोळ्या चालू आहेत आणि त्या चालूच राहतील. लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद याच काळात योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांनी आणि यंत्रांनी तपासू पाहत होते. मरीन ड्राइव्हला, आपल्या गिरगावच्या कडेला, त्यांचे केंद्र आहे. श्रद्धेला तपासणीची जोड असावी, हे त्यांच्याकडून घ्यावे.

दुसरी शंका सक्तीविषयी. औंधच्या शाळांत राजाचा हुकूम चालला. लोकशाहीत प्रश्न इतका सरळ नसतो. २०१६ साली मुंबई महापालिकेत पालिकेच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा ठराव झाला, तेव्हा त्याला जोरदार विरोध झाला. सूर्यापुढे वाकणे ज्याच्या धर्मात बसत नाही, त्या मुलाचे काय? माझे मत असे, की शरीराला हालचाल हवी, मंत्र नसला तरी स्नायूंचे अडत नाही. ज्याला मंत्र म्हणायचा त्याने म्हणावा, ज्याला नुसते अंक मोजायचे त्याने अंक मोजावेत, आणि ज्याला हा व्यायामच नको त्याने दुसरा करावा. आमच्या मजल्यावरची माझी एक मैत्रीण नमस्काराऐवजी जिन्याच्या फेऱ्या मारते. चार मजल्यांच्या चढउताराने घाम कुणालाही सारखाच येतो!

तिसरी शंका मला सर्वांत अवघड वाटते. बाळासाहेब ज्या वर्गाला व्यायाम शिकवू निघाले, तो मुख्यतः बैठे काम करणाऱ्यांचा वर्ग होता. ज्याचे अंग दिवसभर कामात मोडते, त्याला व्यायाम कशाला? माझे आजोबा आठ तास साच्यापुढे उभे असत. आई दिवसभरात किती हंडे उचलते आणि किती वेळा वाकते, याचा हिशेब नाही. पण कष्ट आणि व्यायाम या सारख्या गोष्टी नव्हेत. कष्टात तेच स्नायू त्याच दिशेने राबतात आणि बाकीचे आखडतात. आजोबांचे पाय फुगत आणि पाठ धरे. आई पुढे वाकते, पण मागे कधीच वाकत नाही. व्यायाम शरीराला सर्व बाजूंनी हलवतो आणि मुख्य म्हणजे तो माणूस स्वतःसाठी करतो. मात्र पिंजणातली धूळ नमस्काराने छातीतून निघत नाही आणि कमी पगार नमस्काराने वाढत नाही. स्वच्छ हवा, पुरेसे अन्न आणि थोडी फुरसत यांची जबाबदारी व्यायामावर ढकलून कुणी मोकळे होऊ नये.

या शंका मनात ठेवूनच आम्ही घरी सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. म्हणजे रोजची वीस-बावीस मिनिटे. सावकाश घातलेल्या एका नमस्काराला वीस-पंचवीस सेकंद लागतात. बारा नमस्कार पाच मिनिटांत होतात. सकाळी नळ येण्याआधी बारा आणि उरलेला वेळ चालण्यात, असा आम्ही हिशेब बसवला. आई पहिल्या आठवड्यात तीनच घालू शकली, तेही पलंगाच्या कडेला हात टेकून. आज ती आठ घालते. बाजारातून येताना ती एक थांबा आधी उतरते. मी कॉलेजहून परतताना दादर ते परळ पायी येते. बसचे भाडे वाचते, तेवढेच चणे-शेंगदाण्यांना होतात. चाळीतल्या दोन काकू आता आमच्याबरोबर गॅलरीत उभ्या राहतात. चार खिडक्या उघडायच्या, त्यांतली एक आता मोजायला मदत करते.

आपल्या भागाला व्यायामाची परंपरा कमी नाही. गिरणगावच्या गल्ल्यांत कबड्डीचे संघ आणि तालमी होत्या, काही अजून टिकून आहेत. दादरला शिवाजी पार्कवरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून चालू आहे आणि तिथे मुलींचा मल्लखांब पाहताना कुणाचीही छाती अभिमानाने फुलावी. परंतु ज्याला तिथपर्यंत जाता येत नाही, ज्याच्या घरात म्हातारी माणसे आहेत, ज्याच्या वेळेवर दुसऱ्यांचा हक्क आहे, त्याच्यासाठी राजाने ठरवून दिलेला सतरंजीएवढा आखाडा उपयोगी पडतो. एवढ्यासाठी बाळासाहेबांचे स्मरण ठेवावे असे मला वाटते. संपत्ती असलेल्या माणसाने संपत्तीवाचून होणारी गोष्ट निवडली, ती आधी स्वतः केली, मग घरच्यांना करायला लावली आणि नंतर साऱ्यांना दिली.

जाता जाता जिमखान्याच्या प्रमुखांना आणि प्राचार्यांना एक विनंती. आपल्या कॉलेजची गच्ची सकाळी सात ते आठ रिकामीच असते. ती तेवढा एक तास उघडी ठेवली, तर ज्यांच्या घरी सतरंजीएवढीही जागा नाही अशा मुलामुलींची सोय होईल. साहित्य काही लागणार नाही, खर्चही येणार नाही. किल्ली घेऊन वेळेवर हजर राहण्याचे काम मी करीन.